माळ्यावरच्या शिव्या

पौष लागला की माझ्या नातवाच्या फोनमध्ये हुरडा येतो. ज्वारीला कणीस कुठं लागतं हे त्या पोराला विचारलं तर तो मुळाकडं बोट दाखवील, पण हुरड्याचा रविवार त्याला बरोबर कळतो. "आजी, या रविवारी हुरडा पार्टी हं. जालन्यापासून अर्ध्या तासावर. पैसे भरले की सगळं आलं त्यात." सगळं म्हणजे काय, तर हुरडा, वांग्याचं भरीत, बैलगाडीतून फेरी आणि मनोरंजन. हा शब्द त्यानं भरताच्या मागोमाग असा काही उच्चारला, की मला वाटलं तेही वाटीतून वाढतात. वर नातसून म्हणाली, "चला ना आजी, सगळा स्ट्रेस जातो. मन कसं एकदम बॅलन्स होतं." मी म्हटलं, "माझं मन आहे तिथं बरं आहे बाई, तुमचंच कुठं सांडलंय ते बघा." ती हसली. माझ्या बोलण्याला ही पोरं हसतात, एवढं एक बरं आहे त्यांचं.

मला मात्र पौष म्हटलं की आधी आवाज आठवतो, हुरड्याची चव नंतर. केदारखेड्याच्या अलीकडं माझं सासर. पूर्णेच्या अंगाची काळी जमीन. ज्वारी पुरुषभर वाढायची, कणसात दूध भरायचं, आणि मग आभाळातून भोरड्या उतरायच्या. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची, कुठल्या तरी परमुलखातून थव्यानं येणारी ही पाखरं. एक थवा बसला की कणसाचं नुसतं बोंडुक उरायचं. जोडीला चिमण्या, साळुंक्या, होले, आणि सगळ्यांत नासाडीचा तो राघू. रानाच्या मधोमध चार मेढी रोवून वर फळ्या टाकलेल्या असत, त्याला माळा म्हणायचं. त्यावर सकाळपासून बसायचं, गोफण फिरवायची आणि ओरडायचं. बास. एवढीच राखण. आता त्याच माळ्याला रंगीत झालरी लावून खाली पाटी लावतात, 'इथे फोटो काढा'. काढा बाबांनो. पाखरांनी तुम्हाला बघून पळावं अशी तुमची सोय झाली.

मी लग्न होऊन आले ते पन्नास सालाच्या आगंमागं. निजामाचं राज्य गेलं होतं, पण आमच्या मामंजींचं चालू होतं. मामंजी म्हणजे माझे सासरे. पाटीलकीचा कुठला तरी लांबचा चुलत धागा त्यांच्या अंगाला चिकटला होता, आणि त्या धाग्याचं त्यांनी पुरं धोतर विणलं होतं. तोंडात सदा पान. ओठ लालभडक. उर्दू चौथीपर्यंत शिकलेले, त्यामुळं गावात कोणीही काहीही बोललं तरी शेवटचा शब्द यांचा. रानात पाऊल टाकणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. जेवायला मात्र ज्वारी आमच्याच रानातली लागायची, दुसरीकडची पचत नसे. त्यांच्यासमोर सुनांनी बोलायचं नाही. आत्याबाईंसमोर, म्हणजे सासूसमोर, मोठ्यानं बोलायचं नाही. भांडं वाजवायचं नाही. खोकला आला तर परसात जाऊन खोकायचा. मी सातवी शिकलेली, माहेरी बडबडी. पहिल्या महिन्यात माझं तोंडच कोणी शिवून टाकलं असं झालं. आमचे हे जालन्याला जिनिंगमध्ये कामाला, शनिवारी यायचे. करमतं का, असं मला त्या घरात कोणी विचारलं नाही. मनोरंजन हा शब्द आत्याबाईंच्या कानावर गेला असता, तर तो फोडणीत घालायचा की वरून भुरभुरायचा, एवढंच त्यांनी विचारलं असतं.

माझी थोरली जाऊ गोदावरी. मी तिला आक्का म्हणायची. घरात ती अशी वावरायची की दाराआड कोणी उभं आहे हे दोनदा बघितल्याशिवाय कळू नये. मान खाली, पदर कपाळापर्यंत, 'हो' आणि 'न्हाई' या दोन शब्दांवर दिवस काढणारी. मला वाटलं, बाई मुकी नसली तरी मंद असावी. पहिल्याच हिवाळ्यात आत्याबाईंनी मला तिच्याबरोबर राखणीला धाडलं. रान गावाला लागूनच होतं. आक्का माळ्यावर चढली, पदर कमरेला खोचला, दोन्ही पाय फळीवर रोवले, गोफणीत खडा भरला, आणि तिच्या त्या एवढ्याशा छातीतून असा आवाज निघाला की मी खाली मेढ धरून उभी होते ती दचकून बसलेच.

"हाऽऽ गं चिमने! बारीक चोचीचे! दिसभर टोचती, टोचती, अन् पोट भरलं म्हनून काही सांगंना! आगं भाकर करपली तर टोच, न्हाई करपली तर टोच! उड की बया आता!"

मला क्षणभर कळेना, आणि कळलं तेव्हा हसू दाबता दाबता डोळ्यांत पाणी आलं. चिमणी म्हणजे आत्याबाई. मग थव्यानं भोरड्या आल्या, त्या आमच्या नणंदा. "आल्या गं बाई आल्या, माहेरवाशिनी आल्या! येताना थवा अन् जाताना गाठोडं!" होला म्हणजे आमचे थोरले दीर, जे आक्काशी वर्षातून दहा-पाच वाक्यं बोलत. "आरं होल्या, घुमतो काय नुसता! येकदा तरी त्वांडानं बोल की मुडद्या, मी काय तुझं मन खाती व्हय!" एवढं बोलताना मात्र तिचा आवाज थोडा उतरायचा. आणि राघू बसला की आक्का उभीच राहायची. राघू एक कणीस मोडतो, त्यातले दोन दाणे खातो, बाकीचं खाली टाकून दुसऱ्यावर जातो, आणि वर सगळ्या शिवारात आरडत फिरतो. आक्का गोफण गरगरा फिरवायची आणि म्हणायची:

"हाऽऽ रे लाल चोचीच्या! खानं चिमूटभर, सांडनं पसाभर, अन् वरडनं गावभर!"

कोण ते मी सांगायला नको. ओठ लालभडक होते, एवढं सांगितलंच आहे.

आणि ऐकायला सगळं शिवार होतं. चहूकडं ज्यांच्या त्यांच्या रानात माळे, त्यावर माणसं, आणि ज्वारीच्या वरून आवाज कुठल्या कुठं जायचा. शेजारच्या रानात रहीमचाचा. जातीचे पिंजारी, थंडीत गाद्या पिंजायचे आणि त्यातून वेळ काढून स्वतःच्या तुकड्याची राखण करायचे. पोलीस अ‍ॅक्शननंतर चाचा बोलायचेच बंद झाले होते. आमच्या गावात काही झालं नव्हतं, पण निजाम हटला तेव्हा आसपासच्या गावांत मुसलमानांवर जे ओढवलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्या माणसानं माळ्यावर बसून नुसते खडे मारत दोन हिवाळे काढले होते. पाखरांवर ओरडायलासुद्धा त्यांना धीर होईना. मग एका सकाळी आक्कानं लाल चोचीच्याला हाणलं, आणि शेजारच्या माळ्यावरून एकदम आवाज आला, "मुकर्रर, भाबी! मुकर्रर!" मुशायऱ्यात शेर आवडला की पुन्हा म्हणा, असं सांगतात ना, ते. आक्काला अर्थ ठाऊक नव्हता, पण कळला. तिनं पुन्हा म्हटलं. तेव्हापासून तो रिवाजच पडला. आक्का शिवी द्यायची, चाचा मुकर्रर म्हणायचे, आक्का पुन्हा द्यायची, आणि दूरदूरच्या माळ्यांवर माणसं पोट धरून बसायची. मी राखणीला जायला लागले त्याच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट, मला आक्कानंच सांगितली.

संध्याकाळी माळ्यावरून उतरलो की आक्का पदर सोडायची, कपाळापर्यंत ओढायची, आणि घराच्या उंबऱ्यात शिरताना पुन्हा ती 'हो' आणि 'न्हाई' वाली व्हायची. पण चेहरा कसा धुतल्यासारखा. रात्रीच्या भाकरी ती इतक्या मन लावून थापायची, की मी बघत राहायची. आता माझ्या ओळखीत एक बाई आहेत, त्या आठवड्यातून एकदा गाडी चालवत मन मोकळं करायला कुणाकडं तरी जातात. खोलीत बसतात, समोरचा ऐकतो, घड्याळ बघतो. जाऊ देत. ज्याला शिवार नाही त्यानं खोलीत जावं. पण त्या परत येतात तेव्हा मी त्यांचा चेहरा निरखून बघते, आणि मला तरी तो धुतलेला दिसत नाही.

तर त्या हिवाळ्यात, मला वाटतं माझा तिसरा असावा, संकष्टीला मामंजी राजूरला गणपतीला गेले. चतुर्थीला तिथं ही गर्दी. कोणा बांगडीवाल्यानं, बांगड्या चिवडून न घेता जाणाऱ्या गिऱ्हाईकावर आमच्या आक्काची ओळ फेकली. शिवारातली ओळ, माणसांच्या तोंडून बाजारापर्यंत पोचली होती. मामंजींना ती इतकी आवडली, इतकी आवडली, की घरी येऊन पगडी काढायच्या आधी त्यांनी ओसरीत उभं राहून सगळ्यांना ऐकवली. "आज राजूरला काय आयकलं म्हनता! लाल चोचीच्या, खानं चिमूटभर, सांडनं पसाभर, अन् वरडनं गावभर! काय बिलकुल नेमकं हाय बघा! ज्यानं जोडलं त्याला बक्षीस द्याया पायजे!" आणि खो खो हसले. पानाचा लाल तुषार समोरच्या सारवलेल्या भिंतीवर उडाला. मी माजघरात तोंडात पदर कोंबून भिंतीकडं तोंड केलं. आत्याबाई सुपारी कातरत होत्या, कातरत राहिल्या. आक्का चुलीपुढं होती. तिनं तव्यावरची भाकर उलटली, आणि तिची पापणीसुद्धा हलली नाही. अशी बाई मी पुन्हा बघितली नाही.

आठवडाभर मामंजींनी ती ओळ वापरली. न्हाव्यावर वापरली, व्याह्यावर वापरली, बैलावरसुद्धा वापरली. गावातली माणसं त्यांच्यासमोर वाजवीपेक्षा जास्त हसायला लागली, आणि मामंजींना वाटलं आपण विनोदी झालो. मूर्ख माणसाला हसू ऐकू येतं, कशाचं ते ऐकू येत नाही. पुढं चावडीवर भोकरदनहून कोणी पुढारी येऊन तासभर बोलून गेला. तो गाडीत बसून पुरता वळणाआड गेला नाही तोच मामंजींनी पिंक टाकली आणि सगळ्या चावडीसमोर म्हणाले, "ह्यो बी लाल चोचीचाच दिसतो! खानं चिमूटभर, सांडनं पसाभर, अन् वरडनं गावभर!"

रहीमचाचा कोपऱ्यात खांबाला टेकून डोळे मिटून बिडी ओढत होते. कानावर ओळ पडली आणि सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वाह! मुकर्रर, भाबी!"

शनिवार होता, आमचे हे चावडीत होते, त्यांनी मला नंतर हे सांगितलं. चाचांनी डोळे उघडले तेव्हा सगळी चावडी पायांकडं बघत होती. मामंजी म्हणाले, "भाबी? कोन भाबी?" चाचा उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "कुछ न्हाई आबा, निंद में था." आणि निघून गेले. मामंजींनी एकेकाकडं बघितलं. कोणी हसेना. चाचांच्या शेजारचं रान आमचंच होतं; त्या न हसण्यानं त्यांना कळलं. कळायला वर्षं गेली होती, पण कळलं एकदाचं.

घरी आले. शिवी दिली नाही, हात उचलला नाही. कसे उचलणार? 'तो राघू म्हणजे मी' हे आधी स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागलं असतं. जेवताना ताटाकडं बघत म्हणाले, "उद्यापासून थोरलीनं माळ्यावर जायचं न्हाई. धाकटीनं बी न्हाई. घरंदाज बाया रानात वरडत बसतात, हे बराबर न्हाई." घरंदाज! इतके हिवाळे रान राखून ज्वारी घरात आणली तेव्हा आमचं घराणं कुठल्या फडताळात ठेवलं होतं कोण जाणे. बायकांचं तोंड बंद करायचं असलं की पुरुषांना घराणं सापडतं. आक्का म्हणाली, "हो."

मग राखण कोण करणार? मामंजींकडं उत्तर होतं. बुजगावणं. दोन काठ्या आडव्या-उभ्या बांधल्या, वर मडकं पालथं घातलं, आणि अंगात घालायला स्वतःची जुनी शेरवानी काढून दिली. निजामाच्या काळात ती घालून ते कचेरीत जायचे. आता राज्य बदलल्यावर घालायची सोय राहिली नव्हती आणि टाकवतही नव्हती. वर पटका. "तोंड काढ गं मडक्याला," असं त्यांनी आत्याबाईंना फर्मावलं. आत्याबाई अंगणात बसल्या, चुन्यानं डोळे काढले, कोळशानं मिशा काढल्या, आणि गेरूची वाटी मागवून घेऊन बोटानं हे एवढे लालभडक ओठ काढले. मामंजी म्हणाले, "लाल कशाला?" आत्याबाई म्हणाल्या, "त्याबिगर पाखरं भीत न्हाईत." आणि बोट पदराला पुसलं. मी आक्काकडं बघितलं, आक्कानं माझ्याकडं. पण त्या बाईच्या मनात काय आहे हे विचारायची आमची छाती नव्हती.

बुजगावणं रानात उभं राहिलं आणि आधी कधी झालं नव्हतं असं मनोरंजन गावाचं झालं. माणसं कामं टाकून बांधावर यायची. लाल ओठांचं, शेरवानीतलं, दोन्ही हात पसरून उभं असलेलं ते ध्यान! तीन दिवस पाखरांनी विचार केला. चौथ्या दिवशी एक राघू शेरवानीच्या खांद्यावर बसला, मग दुसऱ्या खांद्यावर दुसरा. पुढं भोरड्यांनी सगळं रान धरलं. शेरवानीचे खांदे पांढरे झाले. मामंजी बघायला गेले नाहीत; रानात जाणं त्यांना कमीपणाचं होतं ना.

इथवर आठवलं की मला हसू येतं. पुढचं आठवलं की येत नाही.

आक्का घरात होती. आधीही ती घरात गप्पच असायची, पण ते गप्प असणं निराळं होतं. सकाळी बोलायचं आहे हे ठाऊक असलेल्या माणसाचं. आता तिचं बघणंच बदललं. चुलीवर दूध उतू जायचं आणि ती समोर बसून बघत राहायची. पोरीची वेणी घालता घालता अर्ध्यावर हात थांबायचा, पोर 'आई, आई' करायची. भाजीत मीठ नाही, नाहीतर दुप्पट. जेवण तुटलं. मी परसात तिला म्हटलं, "आक्का, इथंच वरडा की थोडं. कोंबड्या हायेत." ती माझ्याकडं बघून कसनुसं हसली आणि म्हणाली, "इथं आवाज येत न्हाई गं. आत्ता बघितलं मी. निघंना." 

आणि एका सकाळी ती पाण्याला गेली ती येईना. मी मागं गेले. आक्का विहिरीच्या काठावर उभी. घागर बाजूला पालथी, दोर तसाच गुंडाळलेला. मी लांबूनच म्हटलं, हळू, जसं काही झालंच नाही असं, "आक्का, काय बघून राह्यल्या?"

"पानी बघून राह्यले," ती म्हणाली. "किती गप्प हाय."

मी तिचा हात धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी आत्याबाईंपुढं मोठ्यानं बोलले. जे बघितलं ते सांगितलं. त्या सुपारी कातरत होत्या. अडकित्ता खाली ठेवला. एवढंच.

दुपारी मामंजी जेवायला बसले. आत्याबाई वाढत नव्हत्या, समोर उभ्या होत्या. आम्ही दोघी दाराआड.

"उद्यापासनं थोरली माळ्यावर जाईल," आत्याबाई म्हणाल्या.

"न्हाई म्हनून सांगितलं ना मी? घरंदाज बाया..."

"मी बी घरंदाजच हाय. रोज सकाळी माळवदावर जाऊन मी काय करून राह्यते, इचारलं का कधी?"

 आमचं माळवद, म्हणजे घरावरचं मातीचं सपाट छत, रानाच्या बाजूला होतं. आत्याबाई रोज सकाळी तिथं वाळवण बघायला जायच्या. हिवाळ्यात कसलं वाळवण, हे आमच्याही कधी ध्यानात आलं नव्हतं.

"आयकती मी," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या नावानं वरडती ते आयकती, अन् तुमच्या नावानं वरडती ते बी. तुमचं जरा जास्त चांगलं ऱ्हातं. हसती येकटीच, अन् मंग खाली येती. त्यावर माझा दिस जातो. मला सासू व्हती तवा मी कुनावर वरडले असते? आपलं तवाचं रान पार नदीपल्याड, तिथवर मला कुनी धाडलं न्हाई. समदं पोटात ऱ्हायलं, नासलं, म्हनून तर मी अशी खवट झाले. हिला तरी नासू देऊ नका." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आज हिरीच्या काठावर उभी व्हती ती. आज पाखरं तुमच्या शेरवानीवर बसून राह्यलीत. उद्या मानसं तुमच्या दारात सुतकाला येऊन बसतील."

आक्का माझ्या शेजारी दाराला टेकून उभी होती. तिनं तोंडावर हात दाबून धरला, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती आवाज न करता रडली. आत्याबाई! जिच्या टोचण्यानं ही बाई इतकी वर्षं रक्तबंबाळ झाली ती चिमणी रोज माळवदावर बसून स्वतःवरच्या शिव्या ऐकत होती.

मामंजींनी ताटात हात धुतला. उठताना म्हणाले, "ज्वारीची लई नासाडी होऊन राह्यली. जाऊ दे तिला." मरेपर्यंत ते हेच सांगत राहिले, की ज्वारीसाठी. सांगोत. माझ्या मनातून त्यांची पत त्या दिवशीही वाढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माळ्यावर गेलो. शिवारात बातमी आधीच पोचली असावी. माळ्यामाळ्यावर माणसं उभी होती आणि कोणी ओरडत नव्हतं. आक्कानं पदर खोचला. गोफणीत खडा भरला. तोंड उघडलं, आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. मी मेढ घट्ट धरली. समोर लाल ओठांचं बुजगावणं, खांद्यावर राघू. आक्कानं त्याच्याकडं बघितलं, मग मान वळवून मागं गावाकडं बघितलं. माळवदावर एक बारकी आकृती बसलेली होती, कानाशी हात धरून. आणि आक्काच्या पोटातून, पार तळातून तो आवाज वर आला:

"हाऽऽ गं म्हाताऱ्या चिमने! आयकती व्हय! आयक मंग! लई टोचलंस गं बया, लई टोचलंस, अन् शेवटी दाना बी तूच दिलास!"

ती रडत होती, ओरडत होती आणि हसत होती. भोरड्यांचा थवा काळ्या रानातून उठला आणि आभाळ भरलं. शेजारच्या माळ्यावर रहीमचाचांनी टोपी काढून डोळ्यांना लावली होती. "मुकर्रर, भाबी," ते म्हणाले. "मुकर्रर."

आक्का त्यानंतर कितीतरी हिवाळे माळ्यावर बसली. आत्याबाई गेल्या, मामंजी गेले, तरी तिनं राघूला लाल चोचीच्या म्हणणं सोडलं नाही. मेलेल्याविषयी वाईट बोलू नये, असं कोणी तिला म्हणालं, तेव्हा ती म्हणाली, "मी कुठं त्यांना बोलून राह्यले, मी पाखराला बोलून राह्यले." आता तीही नाही. चाचा नाहीत. ते रान विकलं गेलं, आणि मी जालन्यात तिसऱ्या मजल्यावर राहते, जिथं मोठ्यानं बोललं तर खालचे वर येतात.

गेले शेवटी हुरड्याला. ज्वारीच्या दोन ओळी शोभेला, बाकी सगळी गवताची हिरवळ. पत्रावळीत हुरडा, त्यावर चीज, हो, चीज, आणि लाल सॉस. पोरं एक घास खायची, फोटो काढायची, पत्रावळ टाकून दुसरं घ्यायची. टोपल्याच्या टोपल्या अर्ध्या खाल्लेल्या. आणि एवढ्या मोठ्या पेटाऱ्यातून गाणी, ओरडणं, टाळ्या. एक माणूस माईक घेऊन सगळ्यांना आनंदी व्हायला सांगत होता. आनंदी झालात का? आवाज येत नाही! मोठ्यानं! माझ्या नातसुनेनं त्याला सांगितलं, की आमच्या आजी खऱ्या माळ्यावर बसायच्या. झालं. मला धरून, उचलून, झालरीच्या माळ्यावर चढवलं, हातात माईक दिला. "आजी, त्या काळातलं काहीतरी होऊन जाऊ द्या!"

मी सगळ्यांकडं एकदा नीट बघितलं. त्या टोपल्यांकडं बघितलं. दोन्ही पाय फळीवर रोवले. वय झालंय, पण आवाज निघाला.

"हाऽऽ रे लाल चोचीच्यांनो! खानं चिमूटभर, सांडनं पसाभर, अन् वरडनं गावभर!"

काय टाळ्या पडल्या! काय शिट्ट्या! माईकवाला नाचायलाच लागला. "वाऽ आजी! चला, सगळ्यांनी माझ्यामागं म्हणायचं!" आणि हात वर करून, सॉसनं लाल झालेल्या तोंडांनी, ते सगळे एका आवाजात म्हणाले. खानं चिमूटभर. सांडनं पसाभर. वरडनं गावभर. मी शेजारच्या रानाकडं कान देऊन उभी होते. तिकडून कोणी काही म्हणालं नाही. तिकडं गाड्या लावलेल्या होत्या.

मग मीच म्हणाले, "मुकर्रर."

आणि त्यांनी पुन्हा म्हटलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.